अकरा वेढे आणि एक मनगट

मी एक जुनी कॉइल आहे. तांब्याच्या चपट्या पट्टीचे अकरा वेढे, ताटाएवढा गोल आकार, आणि चौथ्या व पाचव्या वेढ्याच्या मध्ये एक काळा जळका डाग. मोटार रिवाइंडिंगच्या एका छोट्या दुकानात, कामाच्या टेबलावरच्या खिळ्याला मी टांगलेली असते. पंखा नाहीतर पाण्याचा पंप घेऊन आलेले गिऱ्हाईक मला पाहते आणि विचारते, "हे काय, शेगडीचं आहे का?"

दुकानाचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, मान न वळवता उत्तर देतात, "नाही. निवृत्त बाई आहेत त्या."

मित्रांनो, शेगडीच्या कॉइलचे काम तापण्याचे. माझे काम ढकलण्याचे होते, आणि तेही हात न लावता. ते कसे, हे तुम्हाला सांगायला मला आवडेल. कारण माझ्याकडे आता वेळच वेळ आहे, आणि पूर्वी माझे प्रत्येक काम एका निमिषाच्या हजाराव्या भागात संपत असे.

माझा जन्म याच टेबलावर झाला. काकांनी तांब्याची पट्टी घेतली आणि तिच्यावर सुती फीत गुंडाळली. फितीचा प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याचा अर्धा भाग झाकेल अशी ती चढवायची असते, म्हणजे तांबे कुठेही उघडे राहत नाही. मग मध्ये एक गोल लाकडी ठोकळा धरला आणि त्याच्याभोवती पट्टी गुंडाळायला सुरुवात केली. उजव्या हाताने खेचायचे, डाव्या अंगठ्याने दाबून बसवायचे. खेचताना त्यांचे उजवे मनगट किंचित वर उचललेले असे, आणि पट्टीचा ताण कमी-जास्त होत नसे. वेढे सैल बसले तर कॉइल पहिल्याच कामात फुटते, म्हणून ते मनगट म्हणजेच काकांचे दुकान होते.

वेढे मोजण्याची त्यांची एक रीत होती. एक वेढा पुरा होईपर्यंत ते तोच आकडा पुटपुटत राहत. "सात, सात, सात, सात." मधे कोणाशी बोलले आणि आकडा हरवला, तर सगळे उलगडून पुन्हा सुरुवात करत. माझ्या सातव्या वेढ्याच्या वेळी काकू आतून आल्या आणि त्यांनी विचारले, "चहात साखर किती घालू?"

"सात," काका म्हणाले.

काकूंनी खरोखर सात चमचे साखर घातली. काकांनी तो चहा निमूटपणे संपवला. अकरावा वेढा बसवून, टोक बांधून झाल्यावरच ते म्हणाले, "आज चहा जरा गोड होता."

"माणसाने उत्तर विचार करून द्यावं," काकू म्हणाल्या.

मग मला व्हार्निशमध्ये बुडवले, भट्टीत वाळवले आणि एका जाड फळीवर घट्ट बसवले. ज्यांनी मला करून घेतले होते त्या बाई स्वतः मला न्यायला आल्या. त्या एका कॉलेजात धातुशास्त्र शिकवत. कमी बोलणाऱ्या, चष्मा केसांत अडकवून तो दिवसभर शोधणाऱ्या. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि एवढेच म्हटले, "काका, छान झालीये."

"छान का वाईट ते ती सांगेल," काका म्हणाले. "मी मधून मधून येऊन बघून जाईन."

बाईंच्या वर्कशॉपमध्ये माझा सोबती होता वीज साठवणाऱ्या जाड पत्र्याच्या डब्यांचा एक गठ्ठा. त्यांना कपॅसिटर म्हणतात. आणि आमचा दोघांचा सांभाळ करणारा एक फिटर होता. त्याचे खरे नाव तिथे कोणी वापरत नसे. काहीही मोजायला दिले की तो पट्टी लावून म्हणे, "अर्धा सूत कमी आहे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यामुळे त्याचे नाव अर्धासूत पडले. तोही त्या नावाला ओ देई.

आमचे काम असे चाले. माझ्या अंगावर प्लास्टिकचा पातळ कागद, त्यावर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा, आणि पत्र्याच्या वर पोलादी साचा, पोकळ बाजू खाली करून दाबून बसवलेला. सगळे जण काचेच्या पलीकडे गेले की अर्धासूत कळ दाबे. डब्यांत साठलेली सगळी वीज एकाच दमात माझ्या अकरा वेढ्यांतून धावे. वीज अशी उसळून धावली की माझ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते, आणि ते इतक्या झपाट्याने वाढते की समोरच्या पत्र्यातही वीज वाहू लागते, पण माझ्या उलट दिशेने. उलट दिशांना धावणाऱ्या दोन विजा एकमेकींना दूर लोटतात. पत्रा माझ्यापासून उडतो आणि वरच्या साच्यात जाऊन आदळतो. साच्याचा आकार घेतो. तुमची पापणी एकदा लवेपर्यंत हे काम हजारदा उरकेल.

काम झाले की लगेच कोणी पुढे यायचे नाही, हा तिथला नियम. डब्यांत उरलेली वीज जीव घेऊ शकते. अर्धासूत एक लांब काठी घेई. तिच्या टोकाला तांब्याचा आकडा आणि आकड्याला जमिनीत गेलेली तार. ती तो डब्यांच्या टोकांना टेकवे, तिथेच अडकवून ठेवे आणि म्हणे, "निजलं." हा शब्द ऐकल्याशिवाय बाईसुद्धा उंबरा ओलांडत नसत. त्याच्या घरी तान्हे मूल होते तेव्हा तो हा शब्द इतक्या हळू आवाजात म्हणू लागला की बाईंना "काय म्हणालास?" असे विचारावे लागे.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, पत्र्याला आकार द्यायला एवढा खटाटोप कशाला? दाबयंत्र नाही का? आहे, आणि पुष्कळ कामांना ते चांगलेही आहे. पण ॲल्युमिनियमचे काही मिश्रधातू कडक स्वभावाचे असतात. त्यांना सावकाश दाबून ताणले की एखाद्या जागी पत्रा जरासा पातळ होतो. मग पुढची सगळी ओढ त्याच जागेवर येते. मोज्याला एक बारीक भोक पडले की पाय घालताना तेच मोठे होत जाते, तसे. थोड्या वेळात तिथे चीर पडते. आणि चीर पडली नाही तरी दाब काढताच असा पत्रा थोडा उलट उघडतो, दिलेला आकार पूर्ण धरत नाही.

मी ढकललेल्या पत्र्याचे वेगळे होते. त्याचा कण न् कण आधीच वेगाने धावत असे. पातळ जागेला इतरांना सोडून एकटीनेच ताणत जायला सवडच मिळत नसे. ताण सगळ्यांत वाटला जाई. म्हणून तोच कडक पत्रा, जो दाबयंत्रात चिरत असे, माझ्याकडे न चिरता कितीतरी जास्त ताणला जाई. आणि साच्यावर जोरात आपटल्यामुळे त्याचे उलट उघडणेही फार कमी होई.

हे मोजण्यासाठी बाई पत्र्यावर आधी बारीक बारीक वर्तुळे छापून घेत. काम झाल्यावर भिंगाखाली पाहायचे. वर्तुळ जिथे लंबगोल झाले तिथे पत्रा ताणला गेला, आणि किती ताणला तेही कळले. काकांनी पहिल्यांदा तो पत्रा पाहिला तेव्हा त्यांनी अर्धासूतला विचारले, "याला गोवर आलाय का?"

मी शेकडो पत्रे उडवले. पाहुणे येत, पत्रा हातात घेऊन खिडकीशी जात, वर्तुळांवरून बोटे फिरवत आणि बाईंचे कौतुक करत. माझ्याकडे कोणी पाहत नसे. त्यात त्यांची चूक नव्हती. पण एक गोष्ट त्या पाहुण्यांच्या ध्यानात येत नसे. मी पत्र्याला जेवढ्या जोराने ढकलते, तेवढ्याच जोराने पत्रा मला मागे ढकलतो. तो उडून जातो, त्याचे ढकलणे संपते. मी मात्र फळीला जखडलेली. प्रत्येक वेळी मी मागच्या फळीवर आदळे, माझे वेढे थरथरत, आणि व्हार्निशमध्ये केसाएवढ्या भेगा पडत. दर दोन-तीन महिन्यांनी काका येत आणि माझ्या वेढ्यांवरून उजव्या हाताचे नख फिरवत. टक, टक, टक असा आवाज अकरा वेळा सारखा आला की मान हलवत. एखादा आवाज बद्द आला की तिथे व्हार्निश भरून दोन दिवस वाळू देत. "हिला विश्रांती द्या," असे बाईंना सांगून जात.

आणखी एक गोष्ट मला सलत असे. इतके पत्रे आले, पण एकही माझ्याजवळ थांबला नाही. भेटलो न भेटलो तोच मी त्याला दूर उडवलेले असे.

पुढे बाईंचे ते संशोधन पूर्ण झाले. त्याचे जाड पुस्तक झाले आणि ते कपाटात गेले. मीही गेले, पण कपाटात नाही, कपाटाच्या खाली. कोणीतरी माझ्यावर पुसायच्या फडक्यांची बादली ठेवली. दोन वर्षे ती बादली माझ्या मध्यावर बसून होती. काका तरी येत. बादली उचलत, नख फिरवत, बादली परत ठेवत. अर्धासूत म्हणे, "काका, ती आता कुठे कामाला आहे?"

"कामाला नसली म्हणून भेटायचं नाही?" काका म्हणत.

मग एकदा चार महिने काका आले नाहीत.

आले तेव्हा त्यांच्याबरोबर काकू होत्या. काकांनी नेहमीसारखी बादली उचलायला हात पुढे केला, आणि हात जागेवर पोहोचला, पण पंजा खाली लोंबत राहिला. वाळलेल्या पानाने देठाशी मोडावे तसा. त्यांनी तो डाव्या हाताने सावरला आणि मागे घेतला. बाई समोरच उभ्या होत्या.

"काका, हे कधी झालं?"

"स्टुलावरून पडलो. दंडाचं हाड मोडलं. ते जुळलं हो, पण हाडाजवळून जाणारी नस दुखावली. मनगट उचलतच नाही आता. बोटंही सरळ होत नाहीत."

"डॉक्टर काय म्हणतात?"

उत्तर काकूंनी दिले. "म्हणतात, नस बहुतेक परत येईल. सहा महिने लागतील, वर्ष लागेल. नाही आली तर पुढचं पुढे बघू. तोवर मनगट लोंबकळू द्यायचं नाही, वर धरून ठेवायचं. प्लास्टिकची पट्टी दिलीये. ती हे घालत नाहीत."

"घालतो. घालून पंख्याची तार खेचली की ती पट्टीच वाकते," काका म्हणाले. "खेचल्याशिवाय वाइंडिंग कसलं? दुकान बंद आहे, बाई. मी घरात बसून हिला स्वयंपाक शिकवतोय."

"कालपासून भाजी कशी चिरायची ते शिकतेय मी," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं चुकीची चिरत होते म्हणे."

सगळे हसले, काकाही. पण हसताना त्यांनी तो पंजा सदऱ्याच्या टोकात गुंडाळून झाकून घेतला. माझ्या अंगावर अजून बादली होती, तरी मला ते दिसले.

दोन दिवसांनी बाईंनी कागदावर काकांच्या हाताचे माप घेतले. तळव्यापासून कोपराच्या अर्ध्या वाटेपर्यंत, हाताखाली बसेल अशी पन्हाळीसारखी पट्टी. वजनाला हलकी, पण तार खेचताना न वाकणारी. साधे मऊ ॲल्युमिनियम वाकले असते. कडक मिश्रधातूचा पातळ पत्रा घेतला आणि त्यात लांबीच्या दिशेने दोन उंचवटे उठवले, तर पातळ असूनही तो ताठ राहतो. अर्धासूतने साचा कोरला, हवा निघून जायला त्याला बारीक भोके पाडली, आणि आधी दाबयंत्रावर करून पाहिले. उंचवट्यांच्या टोकांशी पत्रा चिरला. दुसरा चिरला. तिसरा जपून अर्धवट दाबला, तो न चिरता बाहेर आला आणि उलट उघडून सपाट झाल्यासारखा बसला.

"बादली उचल," बाई अर्धासूतला म्हणाल्या.

मला धुळीतून काढून टेबलावर ठेवले. काकांना बोलावले. त्यांनी या वेळी डाव्या हाताचे नख फिरवले. सवय नसल्याने ते अडखळत होते. टक, टक, टक. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये आवाज बद्द आला. त्यांनी पुन्हा फिरवले. पुन्हा बद्द.

"आतून सुटलीये," ते म्हणाले. "व्हार्निश भरून आता भागायचं नाही. तीन वेळा झेपेल. चौथी वेळ तिच्या मर्जीची."

"आणि फुटली तर?" अर्धासूतने विचारले.

या जुन्या यंत्राला बसेल अशी कॉइल बाजारात मिळत नव्हती. ती काकाच करत. म्हणजे पट्टी होण्याआधी मी फुटले, तर दुसरी कॉइल करायला काकांचे मनगट हवे, आणि काकांच्या मनगटाला आधार द्यायला कॉइल हवी. मित्रांनो, मला भीती म्हणजे काय ते त्या दिवशी कळले. आजवर मी पत्र्यांसाठी काम केले होते. आता ज्या हाताने मला घडवले त्याच्यासाठी करायचे होते, आणि माझ्यात फार जोर उरला नव्हता.

पहिला प्रयत्न झाला. "निजलं," अर्धासूत म्हणाला. पट्टी बाहेर काढली. दोन्ही टोकांना उंचवटे सुरेख उठले होते. पण मधे, नेमके मनगटाखाली, ते जेमतेम उठले होते. आणि वाकण्याचा सगळा जोर तर तिथेच येणार होता. काकांनी घालून तार खेचली. पट्टी मधोमध वाकली.

बाईंनी विजेचा साठा वाढवला. दुसऱ्या वेळी टोकांचे उंचवटे फाटले, मध्य तसाच. मी फळीवर अशी आदळले की माझा एक स्क्रू सैल झाला. बाई भिंग घेऊन बसल्या. पत्राच वाईट असेल, त्यांना वाटले. दुसऱ्या गठ्ठ्यातला पत्रा आणला, साठा पहिल्याइतका केला. तिसरी वेळ. "निजलं." टोके छान. मध्य तसाच.

तिन्ही वेळा संपल्या होत्या. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. काकू म्हणाल्या, "राहू दे गं. तू केलंस तेवढं पुष्कळ आहे."

काका मात्र माझ्याकडे टक लावून पाहत होते. "साचा कुठे ठेवता तुम्ही?" त्यांनी विचारले.

"बरोबर मधोमध," अर्धासूत जरा अभिमानाने म्हणाला. "मोजून. अर्धा सूतसुद्धा इकडेतिकडे नाही."

"मधोमध कशाला?"

"म्हणजे काय, मधोमधच ठेवायचा ना?"

काकांनी डाव्या हाताचे बोट माझ्या मध्यावर ठेवले. "इथे लाकडी ठोकळा होता. इथून मी गुंडाळायला सुरुवात केली. या जागी तांबंच नाही, बाबा. हिच्या पोटात हिचा हात पोहोचत नाही. हिचा सगळा जोर इथे आहे," आणि त्यांचे बोट सहाव्या वेढ्यावरून गोल फिरले.

बाईंचे कान लाल झाले. "काका," त्या हळूच म्हणाल्या, "सपाट कॉइलचा जोर मध्यावर जवळजवळ नसतो, हे मी दर वर्षी मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवते. आधीचे सगळे पत्रे गोल होते, साचे गोल होते, मधोमध ठेवायची सवय लागली. कडेचा भाग धावला की मधल्याला ओढून नेत असे. ही लांबट पट्टी आहे, हे हातांना कळलंच नाही."

"फळ्यावरचं हातात उतरायला वेळ लागतो," काका म्हणाले. "माझ्या तर हातातलंच उतरून गेलं."

साचा मध्यापासून बाजूला सरकवायचा ठरला, म्हणजे मनगटाची जागा नेमकी सहाव्या वेढ्यावर येईल. पण माझी चौथी वेळ होती. काका म्हणाले, "हिला आधी बांधू या." माझ्या सुटलेल्या वेढ्यांभोवती नवी सुती फीत ओढून बसवायची होती आणि त्यासाठी दोन हात लागत. काका काकूंकडे वळले. काकूंनी पदराला हात पुसले आणि त्या टेबलाशी आल्या.

"अर्धं अर्धं चढव. आधीचा फेरा निम्मा झाकला पाहिजे. आता खेच. अजून."

"तुटेल."

"नाही तुटत. तू आजवर एवढी वर्षं मला खेचतेस, तुटलो का?"

"तुम्ही गप्प बसा, माझा आकडा चुकेल," काकू म्हणाल्या आणि पुटपुटू लागल्या, "पाच, पाच, पाच." काका खरोखर गप्प बसले. फीत खेचणाऱ्या काकूंच्या हातावर त्यांनी आपला डावा हात ठेवला. मला घडवताना जी ओढ अंगाला लागली होती तीच पुन्हा लागली, फक्त ती आता दोघांची मिळून होती.

व्हार्निश वाळायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सगळे काचेपलीकडे उभे राहिले. अर्धासूतने कळ दाबली.

मित्रांनो, त्या क्षणाबद्दल मी एवढेच सांगू शकते की मी काहीही राखून ठेवले नाही. पत्रा उडाला, साच्यावर आदळला, आणि त्याने मला परत ढकलले तेव्हा चौथ्या आणि पाचव्या वेढ्यामधले सगळे आवरण फाटले. ठिणगी उडाली. जळल्याचा वास पसरला.

अर्धासूतने काठी टेकवली, अडकवली. "निजलं," तो म्हणाला. मग माझ्या काळ्या डागाकडे पाहून "ही पण," म्हणाला.

बाई साच्याकडे धावल्या. काका माझ्याकडे आले. पट्टीकडे त्यांनी पाहिलेही नाही. डाव्या हाताने स्क्रू काढून त्यांनी मला फळीवरून सोडवले, डाव्या काखेत धरले आणि उजव्या हाताचा तो लोंबता पंजा माझ्यावर पालथा ठेवला, मी अजून गरम होते तरी.

"काका," बाईंनी हाक मारली. त्यांच्या हातात पट्टी होती. उंचवटे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे उठले होते. मनगटाच्या जागी छापलेली वर्तुळे सगळी लंबगोल झाली होती, आणि एकही चीर नव्हती. अर्धासूतने कडा घासून गुळगुळीत केल्या, काकूंनी आतून मऊ कापड लावले, पट्टे शिवले. काकांच्या हातावर पट्टी चढली. अर्धासूतने कडेला मोजपट्टी लावून मोजले आणि तोंड उघडले. "अर्धा सूत..."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले.

"काही नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे."

तांब्याची तार टेबलाला बसवलेल्या व्हाइसच्या पकडीत आवळली होती. काकांनी दुसरे टोक धरले आणि खेचले. मनगट वर उचललेले होते, आणि तसेच राहिले. त्यांनी आणखी खेचले. मनगट हलले नाही. काकूंनी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाल्या, "आता भाजी मी माझ्या पद्धतीने चिरणार."

दुकान पुन्हा उघडले. पहिले काम होते माझ्या जागी बसेल अशी नवी कॉइल. बोटे अजून अडखळत होती, दोनदा सगळे उलगडावे लागले, एक वेढा बसवायला पूर्वीच्या तिप्पट वेळ लागत होता. माप घ्यायला सोपे जावे म्हणून काकांनी मला समोर खिळ्याला टांगले. तेव्हापासून मी इथे आहे. सातव्या वेढ्याला काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी वर पाहिले, ओठ घट्ट मिटले आणि डाव्या हाताचे एक बोट दाखवले. एक चमचा.

नस परत आली का? तुम्ही हे विचारणार हे मला माहीत होते. पाचव्या महिन्यात काका म्हणाले, अंगठा हलला. काकू म्हणाल्या, तुम्हीच दुसऱ्या हाताने हलवलात. सहाव्या महिन्यात दोघांनी मिळून पाहिले, तरी वाद मिटला नाही. नवव्या महिन्यात, एका दुपारी, काकांनी कपाळावरचा घाम पुसायला पट्टी सोडली, हात पुढे केला, आणि मनगट आपणहून वर आले. थरथरत आले, पण आले. दुकानात फक्त मी होते. काकांनी कोणाला हाक मारली नाही. ते मनगट खाली घेत, पुन्हा वर उचलत राहिले. मी मोजले. अकरा वेळा.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, रस्त्यावर असे पुष्कळ जण आहेत जे दुसऱ्याला पुढे ढकलतात आणि तेवढाच धक्का स्वतः मागे सोसतात. पुढे गेलेला सगळ्यांना दिसतो. मागे उरलेल्याच्या भेगा केसाएवढ्या असतात, त्या लांबून दिसत नाहीत. त्यासाठी जवळ जावे लागते. मधून मधून जाऊन हळूच नख फिरवावे लागते, आवाज कुठे बद्द येतो का ते ऐकावे लागते. कामाला असताना तर जाच, पण कामाला नसतानाही जा. आणि अंगावर बादली असेल तर ती आधी उचला.

काकांना आता पट्टी लागत नाही. ती टाकून द्यायला त्यांचे मन होईना. टेबलावर जागा नव्हती, म्हणून तिच्या पट्ट्यांची गाठ मारून त्यांनी ती माझ्याच खिळ्याला अडकवली. मी आयुष्यभर पत्रे दूर उडवत आले. हा एक माझ्या अंगाला टेकून आहे. दारातून वारा आला की तो माझ्या सहाव्या वेढ्यावर हलकेच वाजतो. टक, टक. आवाज बद्द नाही.